मागच्या रांगेतून पुढे ये

‘ताई, मी गंगाखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. पुणे विद्यापीठात एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते, कमवा-शिकामध्ये काम करते. इथं रोज कशाचं ना कशाचं पोस्टर लागलेलं असतं. मागच्या महिन्यात मैत्रिणीबरोबर ललित कला केंद्रात गाणं ऐकायला गेले. मागं बसले. मधेच सगळे ‘वाह’ म्हणाले आणि मला कळेचना की झालं काय. पाऊण तासानं उठून आले, रडूच आलं. लॅबमधले म्हणतात, हे पुण्याच्या पोरांचं असतं, तू नेट-सेटचं बघ. घरी सांगायची सोय नाही, बाबा म्हणतील शिकायला पाठवलंय की गाणी ऐकायला. ते स्वतः गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात हे वेगळं. मला येतं काय, तर रांगोळी. ती युवा महोत्सवात कोण धरतं? मी या भानगडीत पडावं की नको? आणि पडले तर सुरुवात कुठून करू?’

प्रिय मुली,

पड. अगदी खुशाल पड. आणि सुरुवात कुठून करायची ते तुझ्याच पत्रात आहे. ‘बाबा पखवाज वाजवतात हे वेगळं’ असं तू लिहिलंस आणि पुढे गेलीस. मी त्याच वाक्यावर थांबले. ते वेगळं कसं? सगळं तिथंच तर आहे.

तू जनाबाईंच्या गंगाखेडची. सप्ताहात मांडवात बसून दोन-दोन तास कीर्तन ऐकलं असशील, काकड्याला डोळे चोळत उठली असशील, हरिपाठाला टाळ धरला असशील. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे आठ ठोक्यांचा. तो चालू असताना टाळ कुठे पडायचा हे तुला कुणी कागदावर लिहून दिलं होतं का? चाल उचलली की हात आपोआप जागेवर पडतो. पखवाजवाला तुकडा वाजवून बरोबर समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर आला की मांडवातली म्हातारी माणसं मान हलवतात, ते तू लहानपणापासून बघत आली आहेस. त्या संध्याकाळी ललित कला केंद्रात ‘वाह’ उठली ती बहुतेक याच कारणानं. गोष्ट तुझ्या ओळखीचीच होती, फक्त इतकी संथ झाली होती की तुला ओळखू आली नाही.

जरा खोलात सांगते, कारण तू विज्ञानाची आहेस आणि तुला नुसतं ‘ऐकत राहा, कळेल’ असं सांगून भागणार नाही.

ख्याल गाणारे बरेचदा विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या एकतालात सुरुवात करतात. बारा मात्रा. पण एकेक मात्रा इतकी लांबवलेली, की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पुरं व्हायला पाऊण मिनिट, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. भजनातली सम दर दोन-चार सेकंदांनी येते, इथं तिची वाट बघावी लागते. गायक मधल्या जागेत राग उलगडत फिरतो आणि आवर्तन संपत आलं की बंदिशीचे पहिले शब्द घेतो. त्याला मुखडा म्हणतात. तो मुखडा घेऊन गायक आणि तबलजी एकाच क्षणी पहिल्या मात्रेवर उतरतात, तीच सम. जितकं लांब फिरून, जितक्या अवघड वाटेनं तो अलगद जागेवर येईल, तितकी दाद मोठी.

आता एक युक्ती. एकतालाच्या ठेक्यात ‘तिरकिट’ हे बोल दोनदा येतात, चौथ्या मात्रेवर आणि दहाव्या मात्रेवर. त्या संथ ठेक्यात ते चटकन कानात भरतात, कारण बाकीचे बोल सुटे सुटे आणि हे बोटांनी भरभर वाजवलेले. दुसरं तिरकिट आलं की पुढे दोन मात्रा आणि मग सम. पुढच्या वेळी एवढंच कर. रागाचं नाव काय, स्वर कुठला कोमल लागला, काही बघू नकोस. तबल्याच्या बाजूला, पुढे बस. पुढे म्हणजे खरोखर पुढे, जिथून तबलजीची बोटं दिसतात. मुखडा आला की मनात मोज. चार-पाच आवर्तनं चुकतील, सहाव्याला तू त्यांच्याबरोबर समेवर पोचशील, आणि मान कधी हलली ते तुलाही कळणार नाही. मधे उठायची वेळ आलीच तर दोन रागांमधल्या मोकळ्या वेळात उठ. पाऊण तासात उठलीस त्यात गुन्हा काही नाही, पण बडा ख्याल, म्हणजे हा संथ भाग, संपून द्रुत बंदिश सुरू होण्याच्या जरा आधीच तू बाहेर पडलीस असं दिसतं. द्रुतात लय वाढते आणि तुझा भजनाचा कान तिथं लगेच जागा झाला असता.

आणि अर्धा तास आधी जा. गाणं सुरू होण्यापूर्वी तानपुरे जुळवतात ते बघण्यासारखं असतं. तारा घोडीवरून जातात तिथं प्रत्येक तारेखाली सुताचा बारीक दोरा घालतात आणि तो केसाएवढा पुढे-मागे सरकवत राहतात. एका ठिकाणी तार एकदम मोकळी बोलायला लागते, तिच्यातून वरचे सूरही ऐकू येतात. याला जवारी म्हणतात. तू केमिस्ट्रीची असलीस तरी बारावीला तरंग आणि हार्मोनिक्स शिकलीच आहेस, ते सगळं तिथं डोळ्यांसमोर चाललेलं असतं. हे तानपुरे बहुधा मिरजेचे असतात. कुणी विद्यार्थी जुळवत बसलेला असेल तर जवळ जाऊन विचार. सांगतात, अगदी आवडीनं सांगतात. मोठ्या महोत्सवात हजारोंच्या गर्दीत हे दिसणं अशक्य आहे, आवाराच्या आत शक्य आहे. माझा सगळा आग्रह याच्यासाठी आहे.

‘हे पुण्याच्या पोरांचं असतं’ हे लॅबमधल्या मंडळींचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही. ज्या आवारात तू राहतेस ते गणेशखिंडचं गव्हर्नर हाउस होतं. १८९७ च्या जूनमध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा सोहळा इथंच झाला, आणि तो आटोपून परतताना रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. त्या काळी या कुंपणाच्या आत कुणाला प्रवेश होता आणि कुणाला नव्हता, ते तुला सांगायला नको. १९४९ साली इथं विद्यापीठ आलं, ते गावोगावच्या मुलामुलींसाठी आलं. आज त्याला सावित्रीबाईंचं नाव आहे. तिथल्या अंगणमंचावर बसायला तुला कुणाची परवानगी लागत नाही. आणि ललित कला केंद्रात नाटक, संगीत, नृत्य शिकणाऱ्या मुलांमध्येही लातूर, बीड, सोलापूरची मुलं भेटतील. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्राच्या नावातच ‘गुरुकुल’ हा शब्द आहे. गुरूपाशी बसून शिकायचं ही त्यामागची कल्पना. तुझ्या बाबांनी पखवाज असाच कुणापाशी तरी बसून उचलला असणार.

विज्ञान आणि कला यांचं जमत नाही असं सांगणाऱ्याला तू नावानिशी उत्तर देऊ शकतेस. नाटककार सतीश आळेकरांनी याच विद्यापीठातून बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, बी. जे. मेडिकल कॉलेजात त्याच विषयात नोकरी केली, आणि पुढे कित्येक वर्षं ते ललित कला केंद्राचे प्रमुख होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. पुण्याच्या रंगभूमीची ही ओळ प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांच्यातूनच निघाली आहे. आणखी एक नाव तुला ठाऊक असावं असं वाटतं. डॉ. किरण सेठ. ते दिल्लीच्या आयआयटीत इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. अमेरिकेत शिकत असताना न्यूयॉर्कमध्ये त्यांनी डागर घराण्याचं ध्रुपद, म्हणजे ख्यालाहून जुनं गाणं, ऐकलं आणि परत आल्यावर १९७७ साली दिल्लीत स्पिक मॅके ही चळवळ सुरू केली. मोठमोठे कलावंत महाविद्यालयांत येतात, गातात-वाजवतात, समजावून सांगतात, आणि मुलांकडून एक पैसा घेत नाहीत. आवारात ‘स्पिक मॅके’ असं पोस्टर दिसलं की डोळे मिटून जा, कारण नवख्या श्रोत्याला धरूनच तो कार्यक्रम आखलेला असतो. ध्रुपद असेल तर चुकवू नकोसच. ध्रुपदाला साथ असते पखवाजाची.

आता बाबा. त्यांना लपवून काही करू नकोस. ‘गाणं ऐकायला जाऊ का’ असं विचारलंस तर ‘अभ्यासाचं बघ’ हेच उत्तर येईल, बापाच्या जागी मीही तेच दिलं असतं. त्याऐवजी फोन करून विचार, ‘बाबा, चौताल म्हणजे काय?’ चौतालही बारा मात्रांचा, ध्रुपदाच्या साथीला तोच असतो. त्यांना येत असेल तर ते फोनवर बोल म्हणून दाखवतील. येत नसेल तर तू ऐकून ये आणि त्यांना सांग. पुढच्या सुट्टीत घरी गेलीस की त्यांच्या पखवाजाला कणीक लावताना शेजारी बस आणि विचार, की एवढीच का लावायची, जास्त लावली तर काय होतं. तुझ्या शिक्षणामुळे घरातल्या कलेकडे तुझं लक्ष गेलं, हे कुठल्या बापाला आवडणार नाही? खर्चाची चिंता त्यांना असणारच. त्याचं उत्तर सरळ आहे. आवारातले बहुतेक कार्यक्रम फुकट असतात, आणि हेही त्यांना स्पष्ट सांग.

वेळेचं मात्र लॅबवाल्यांचं ऐक. कमवा-शिकाचे तास, प्रॅक्टिकल, वर सीएसआयआर-नेट. पोस्टर दिसेल तिथं धावलीस तर दोन महिन्यांत थकशील आणि मग सगळंच सुटेल. एक कला धर. माझं म्हणणं, गाणं धर, कारण तुझा कान तयार आहे. पंधरवड्यातून एक संध्याकाळ पक्की ठेव, परीक्षेच्या महिन्यात तीही नको. डीजे लावून होणारे ‘फेस्ट’ मैत्रिणींबरोबर मजा म्हणून बघायचे तर बघ, पण त्यासाठी पंधरवड्याची संध्याकाळ खर्चू नकोस. पोस्टरवर नुसती ‘सेलिब्रिटीं’ची नावं असली आणि कार्यक्रम काय आहे ते कुठेच लिहिलं नसलं, तर खोलीवर बसून अभ्यास केलेला बरा. उलट ललित कला केंद्रातल्या मुलांच्या नाटकाचा प्रयोग असेल तर वेळ काढच. शिकणाऱ्यांचं काम बघण्यात एक फायदा आहे, तिथं सांधे दिसतात. कुठं जमलं, कुठं फसलं, हे नवख्या प्रेक्षकालाही कळतं, आणि प्रयोगानंतर ती मुलं मेसमध्ये तुझ्याच रांगेत उभी असतात, विचारता येतं.

आवाराबाहेरची एकच गोष्ट सांगते. पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासकांनी १९६३ पासून चालवलेली महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा. पावसाळ्यात, सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात. प्राथमिक फेरीला जा, अंतिमला नको. अंतिमला जागा मिळणं कठीण आणि प्राथमिकला खरी धमाल. एका संध्याकाळी लागोपाठ एकांकिका होतात. दोन एकांकिकांच्या मधल्या काही मिनिटांत पडद्यामागे लेव्हल्स, म्हणजे नेपथ्याचे चौथरे, ओढल्याचे, खिळे ठोकल्याचे आवाज येत असतात, आणि प्रेक्षागृहात त्या कॉलेजची मुलं उभी राहून ‘आव्वाज कुणाचा’ अशी आरोळी ठोकतात. मग तिसरी घंटा होते आणि तेच सगळे चिडीचूप होतात. बी.कॉम.ची, इंजिनिअरिंगची, मेडिकलची पोरं. बरीचशी पहिल्यांदाच रंगमंचावर उभी राहिलेली. काही एकांकिका रटाळ निघतील, एखादी अशी निघेल की रात्री झोप येणार नाही. २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असं ठरवून करंडक कुणालाच दिला नव्हता. त्यावर खूप वाद झाला. मला तो निर्णय कठोर वाटला, पण विद्यार्थ्यांच्या कामाला इतक्या गंभीर मापानं मोजतात याचा आदरही वाटला. जाताना मैत्रीण बरोबर घे, हॉस्टेलच्या गेटची वेळ बघून आधी रीतसर परवानगी काढून ठेव, आणि परतीची बस डेक्कनवरून धर. विद्यापीठ चौकातल्या वाहतुकीचा अर्धा तास जास्तीचा हिशेबात घे.

तुला चित्रपटांची ओढ आहे की नाही ते पत्रात नाही. असेल तर लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. तिथल्या खेळांवर लक्ष ठेव. एवढंच पुरे.

राहिली रांगोळी. ‘ती कोण धरतं’ असं तू लिहिलंस, आणि मला सगळ्यात जास्त वाईट या एका ओळीचं वाटलं. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला असे विभाग असतात. ललित कलांमध्ये चित्र, व्यंगचित्र, मातीकाम यांच्या बरोबरीनं रांगोळी ही स्वतंत्र स्पर्धा आहे. विद्यापीठाच्या पातळीवर निवड झाली की पुढे राज्यातल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ आणि त्यापलीकडे भारतीय विद्यापीठ संघाचे विभागीय आणि राष्ट्रीय महोत्सव. तिथं रांगोळीच्या विजेत्याचे गुणही गाण्या-नाटकाच्या गुणांप्रमाणे विद्यापीठाच्या खात्यात जमा होतात.

पण घरच्या अंगणातली रांगोळी आणि स्पर्धेची रांगोळी यांत फरक आहे, तो समजून घेऊन उतर. वेळ साधारण अडीच तास. जागा आखून दिलेली, विषय बहुधा तिथल्या तिथं दिलेला. माध्यम एकच वापरायचं. रंग तर रंग, फुलांच्या पाकळ्या तर पाकळ्या, भुसा तर भुसा, धान्य तर धान्य, आणि चिकटवायचं काही नाही. तुझी बोटं ठिपक्यांच्या रांगोळीत तयार झाली असतील तर चिमटीतून सुटणारी रेघ तुझी पक्की असणार. ती शिकवून येत नाही, ते भांडवल आहे. कमी पडेल ते छटांचं काम. एका रंगातून दुसऱ्या रंगात जाताना मधली पट्टी दिसता कामा नये. त्यासाठी रंग चाळून घ्यावा लागतो, गाळणीतून भुरभुरावा लागतो, आणि गडद रंगात पांढरी रांगोळी किती मिसळली की कुठली छटा येते याची नोंद ठेवावी लागते. हे शेवटचं तर तुझ्या रोजच्या कामातलंच आहे. वजन करून मिसळ, वहीत प्रमाण लिहून ठेव, प्रत्येक छटेची पुडी बांधून वर आकडा घाल. स्पर्धेत इतर मुली अंदाजानं रंग कालवत बसतील तेव्हा तुझे रंग तयार असतील.

सराव हॉस्टेलच्या जिन्याखाली किंवा व्हरांड्यात, रविवारी सकाळी, घड्याळ लावून कर. आधी घागरीसारखी एखादी गोल वस्तू काढ, एकाच बाजूनं उजेड पडलेली. ती फरशीवरून उचलून घ्यावीशी वाटली की माणसाच्या चेहऱ्याकडे वळ. वयाची अट साधारण पंचवीस वर्षांची असते आणि तुझं एम.एस्सी. दोन वर्षांचं, म्हणजे तुझ्या हातात हे वर्ष आणि पुढचं. नावनोंदणी विद्यार्थी विकास मंडळाकडून होते, तुझी कमवा-शिका योजना चालवणारं मंडळ तेच. त्या कार्यालयात तुझी हजेरीची ये-जा असेलच. पुढच्या खेपेला तिथंच विचार, की विभागातर्फे रांगोळीला नाव कधी आणि कुणाकडे द्यायचं, आणि नियमावलीची प्रत मागून घे.

तुझी,
ताई